बर्फवृष्टीचे आकडे आणि मथळ्यांची घाई

इटलीतील मोलिझे प्रांतात काप्राकोत्ता नावाचे एक लहानसे डोंगरी गाव आहे. ५ मार्च २०१५ रोजी तेथे प्रचंड बर्फवृष्टी झाली आणि पुढच्या काही दिवसांत या गावाचे नाव जगभरच्या वृत्तपत्रांत झळकले. ‘अठरा तासांत २५६ सेंटीमीटर बर्फ, जागतिक विक्रम मोडीत’ अशा आशयाचे मथळे सर्वत्र होते. सोबतीला खिडक्यांपर्यंत चढलेल्या बर्फाची छायाचित्रेही होती, त्यामुळे शंका घेण्याचे कोणाला कारण उरले नाही. विक्रम मात्र अनधिकृतच राहिला. त्या दिवशी मध्य इटलीत झंझावाती वारे वाहत होते आणि असा वारा बर्फ एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी, विशेषतः भिंतींच्या आडोशाला, रचून ठेवतो. अशा ढिगात पट्टी खुपसली तर ढिगाची उंची कळते. आकाशातून किती बर्फ पडला, हे त्यातून कळत नाही.

मग तो मथळा खोटा होता काय? तसे म्हणता येणार नाही. गावकऱ्यांच्या दारासमोर खरोखरच तेवढा बर्फ होता. त्रुटी होती ती एवढीच, की मोजले काय आणि कसे, हा प्रश्न बातमी लिहिणाऱ्याने विचारला नाही. दर हिवाळ्यात सिमल्यापासून शिकागोपर्यंतच्या बातम्यांत हीच त्रुटी पुन्हा पुन्हा आढळते आणि तिचे परिणाम केवळ विक्रमांच्या वहीपुरते मर्यादित राहत नाहीत.

पाऊस मोजणे तुलनेने सोपे आहे. पर्जन्यमापकात पडलेले पाणी पाणीच राहते. बर्फाचे तसे नाही. तो जमिनीला टेकल्याक्षणापासून बदलू लागतो. स्वतःच्याच भाराने दबतो, उन्हाने आणि जमिनीच्या उबेने वितळतो, वाऱ्याने उडतो. म्हणूनच हवामानशास्त्रात बर्फासाठी तीन निरनिराळे आकडे ठेवावे लागतात. ठरावीक वेळात नव्याने किती बर्फ पडला, हा पहिला. या क्षणी जमिनीवर साचलेल्या थराची एकूण जाडी किती, हा दुसरा. आणि तो सगळा वितळवला तर पाणी किती निघेल, हा तिसरा. हे तिन्ही आकडे एकाच दिवशी, एकाच ठिकाणी, एकमेकांपासून कमालीचे भिन्न असू शकतात. बातमीत मात्र तिघांनाही ‘इतके फूट बर्फ’ असे एकच नाव मिळते.

मराठीत तर अडचण आणखी एका पायरीने वाढते. रसवंतिगृहातील लादी, शीतपेटीतील खडा आणि गुलमर्गच्या उतारावरील कापसासारखा थर, या सर्वांना आपण बर्फच म्हणतो. इंग्रजीत स्नो आणि आइस हे वेगळे शब्द आहेत. ‘हिम’ हा नेमका शब्द आपल्याकडे आहे, पण तो हिमवृष्टी, हिमालय अशा जोडशब्दांतच उरला आहे. परिणामी, वृत्तसंस्थेच्या मजकुराचे रात्री घाईने भाषांतर करताना घट्ट गोठलेला कठीण बर्फ आणि पहाटे पडलेली भुसभुशीत भुरभुर एकाच शब्दात सामावतात.

नवा बर्फ मोजण्याची अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेची पद्धत दिसायला अगदी साधी आहे. पांढऱ्या रंगाची एक लाकडी फळी, वाऱ्याचा फारसा मारा नसलेल्या मोकळ्या जागी ठेवलेली. तिच्यावर साचलेला बर्फ पट्टीने मोजायचा, नोंद करायची, फळी पुसून पुन्हा बर्फाच्या पृष्ठभागावर ठेवायची. मोजमाप दिवसातून एकदा करावे. फार तर सहा सहा तासांनी, म्हणजे चार वेळा. त्याहून अधिक वेळा नाही. हा नियम वरवर विचित्र वाटतो. वारंवार मोजले तर आकडा अधिक अचूक यावा, अशी आपली सहज समजूत असते. प्रत्यक्षात तो अचूक न होता फक्त मोठा होतो. दर तासाला फळी पुसली तर प्रत्येक वेळी न दबलेला, फुगलेला बर्फच हाती लागतो आणि अशा चोवीस नोंदींची बेरीज, एकदाच मोजलेल्या थरापेक्षा बरीच जास्त भरते. म्हणजे बर्फ तेवढाच, ढग तोच. फरक निरीक्षकाच्या फेऱ्यांचा.

या नियमाची किंमत न्यूयॉर्क राज्यातील माँटेग्यू या गावाला मोजावी लागली. ऑन्टारिओ सरोवराच्या पूर्वेला असलेल्या या भागात सरोवरावरून येणारे थंड वारे विलक्षण बर्फ आणतात. जानेवारी १९९७ मध्ये तेथे २४ तासांत ७७ इंच, म्हणजे जवळजवळ १९६ सेंटीमीटर बर्फाची नोंद झाली आणि राष्ट्रीय विक्रमाच्या बातम्या सुटल्या. तेव्हाचा मान्य विक्रम कोलोरॅडोतील सिल्व्हर लेकचा, एप्रिल १९२१ मधील ७५.८ इंचांचा होता. तज्ज्ञांच्या समितीने चौकशी केली तेव्हा असे दिसले, की त्या चोवीस तासांत चारऐवजी सहा वेळा मोजमाप झाले होते. विक्रम नामंजूर झाला. गंमत अशी, की सिल्व्हर लेकचा आकडाही थेट मोजलेला नव्हता. तेथे साडेसत्तावीस तासांत ८७ इंच बर्फ पडला होता आणि त्याला भागाकार करून चोवीस तासांचा हिस्सा काढण्यात आला होता. मथळ्यात ‘विक्रम’ या शब्दामागे इतकी काथ्याकूट दडलेली असते, हे वाचकाला कुठून कळावे?

जानेवारी २०१६ मधील अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील हिमवादळात हाच प्रकार तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी घडला. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये २६.८ इंच बर्फाची नोंद झाली. २००६ मधील विक्रम २६.९ इंचांचा होता. साहजिकच ‘विक्रम एक दशांश इंचाने हुकला’ असे मथळे आले. तीन महिन्यांनी हवामान सेवेने फेरतपासणी केली, तेव्हा आकडा कळवण्यात चूक झाल्याचे आढळले. खरा आकडा २७.५ इंच निघाला आणि १८६९ पासूनच्या नोंदींत तो सर्वांत मोठा ठरला. शेजारच्या नेवार्क विमानतळावरील २८.१ इंचांची नोंद याच तपासणीत रद्द झाली, कारण तेथे दर तासाला मोजमाप झाले होते. वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळावर तर मोजायची फळीच बर्फाखाली हरवली. मग ठिकठिकाणी थराची जाडी मोजून सरासरी काढली गेली आणि नोंद १७.८ इंचांची झाली, तर सुमारे ४० किलोमीटरवरील डलेस विमानतळावर २९.३ इंच. रेगनचा आकडा कायम राहिला, पण तो ऐकून वॉशिंग्टनकरांनी भुवया उंचावल्या. ज्या देशात मोजमापाची शिस्त इतकी काटेकोर आहे तेथे ही स्थिती.

बेरीज आणि जाडी यांची गल्लत हा मथळ्यांचा आणखी एक जुना रोग. बॉस्टन शहरात २०१४-१५ च्या हिवाळ्यात एकूण ११०.६ इंच, म्हणजे नऊ फुटांहून अधिक बर्फ पडला. तो तेथील विक्रम आहे. परंतु त्या हिवाळ्यातील सर्वांत वाईट दिवशीही जमिनीवरील थर सुमारे तीन फुटांचाच होता. उरलेला बर्फ दबला, वितळला. ‘बॉस्टन नऊ फूट बर्फाखाली’ असे कोणी लिहिले तर ते साफ चुकीचे ठरेल, आणि ‘बॉस्टनमध्ये नऊ फूट बर्फ’ असे लिहिले तर ते खरे असूनही वाचक तेच चित्र डोळ्यांपुढे आणील. अमेरिकेच्याच वॉशिंग्टन राज्यातील माउंट बेकर येथे १९९८-९९ च्या मोसमात ११४० इंच, म्हणजे जवळपास २९ मीटर बर्फ पडल्याची नोंद आहे. दहा मजली इमारत गाडली जावी असा हा आकडा, पण तो संपूर्ण मोसमाच्या बेरजेचा आहे. साचलेल्या थराची गाजलेली नोंद जपानमधील इबुकी पर्वताची: १४ फेब्रुवारी १९२७ रोजी ११.८२ मीटर. या दोन नोंदींची तुलना करणे म्हणजे एखाद्याच्या वर्षभराच्या पगाराची दुसऱ्याच्या बँकेतील शिलकेशी तुलना करण्यासारखे आहे.

तिसरा आकडा पाण्याचा. तो मथळ्यात जवळजवळ कधीच येत नाही, आणि खरे तर सर्वांत महत्त्वाचा तोच. साधारण हिशेब असा सांगितला जातो, की दहा सेंटीमीटर ताज्या बर्फात एक सेंटीमीटर पाणी. हा हिशेब सोयीचा, पण ढोबळ आहे. कोरड्या, कडाक्याच्या थंडीत पडणारा पिठासारखा बर्फ वीस-तीस सेंटीमीटर असला तरी त्यातून एवढेच पाणी निघते. शून्य अंशाच्या आसपास पडणारा ओला बर्फ पाच-सहा सेंटीमीटरमध्येच तेवढे पाणी देतो. एक मीटर पिठूळ बर्फाचा भार छपराच्या दर चौरस मीटरवर सुमारे ५० किलो पडेल, तर अर्धा मीटर ओल्या बर्फाचा १०० किलो. छप्पर खचते ते भाराने. ‘एक मीटर बर्फ’ हा मथळा ‘अर्धा मीटर बर्फ’ या मथळ्यापेक्षा मोठा दिसतो खरा, परंतु घरमालकाची झोप उडवणारा दुसराच.

आता हिमालयाकडे वळू. आपल्या वृत्तपत्रांतील बर्फाच्या बहुतेक बातम्या तिथल्याच असतात आणि मुंबई-पुण्याहून दर वर्षी हजारो कुटुंबे तिकडेच जातात. रोहतांग किंवा झोजिला खिंडीतील रस्ता सीमा सडक संघटना वसंतात मोकळा करते, तेव्हा दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या बर्फाच्या भिंतींमधून जाणाऱ्या वाहनांची छायाचित्रे हमखास छापून येतात. खाली ‘पंचवीस-तीस फूट बर्फ’ अशी ओळ असते. त्या भिंतींची उंची खरी असते. मात्र खिंडीत रस्ता डोंगराच्या कुशीतून जातो, तेथे वारा बर्फ आणून टाकतो, वरच्या उतारावरून कोसळलेले हिमलोट तेथेच विसावतात, आणि यंत्रांनी बाजूला फेकलेला बर्फही त्याच भिंतींवर चढतो. जपानमधील तातेयामाच्या प्रसिद्ध हिमभिंती वीस मीटरच्या जवळपास जातात, पण त्या परिसरातील सर्वसाधारण थर सात मीटरच्या आसपास सांगितला जातो. अशा भिंतीवरून ‘यंदा हिमालयात भरपूर बर्फ’ किंवा ‘यंदा कमी’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे अंगणाच्या कोपऱ्यात जमलेल्या पाचोळ्यावरून झाडाची पाने मोजणे होय.

हिमालयाची दुसरी अडचण अशी, की मोजणारी बहुतेक ठाणी वस्तीजवळ, खोऱ्यांत आहेत. बर्फाचा खरा साठा त्यांच्या कितीतरी वर, जेथे माणूस हिवाळ्यात पोचत नाही अशा उंचीवर असतो. सिमल्याच्या मॉल रस्त्यावर पाच सेंटीमीटर बर्फ पडला की दूरचित्रवाणीचे कॅमेरे धावतात. त्याच रात्री साडेचार हजार मीटरवर काय घडले, त्याचे छायाचित्र कोणाकडेच नसते.

हे सारे जीवनमरणाशी निगडित कसे, ते दोन घटनांवरून दिसावे. पाकिस्तानातील मरी या थंड हवेच्या ठिकाणी ७ आणि ८ जानेवारी २०२२ च्या रात्री बर्फात अडकलेल्या मोटारींमध्ये किमान २२ जणांचा मृत्यू झाला. इंजिन व उष्णता चालू ठेवल्याने बंद गाडीत साचलेला विषारी वायू हे त्यातील काही मृत्यूंचे कारण मानले गेले. तत्कालीन पंतप्रधान इम्रान खान यांनी अभूतपूर्व बर्फवृष्टी आणि हवामानाची चौकशी न करता निघालेल्या लोकांची गर्दी यांकडे बोट दाखवले. मरीला बर्फ दर हिवाळ्यात पडतो आणि हवामान खात्याने जोरदार बर्फवृष्टीचा इशारा आधीच दिला होता. ‘अभूतपूर्व’ हा शब्द मथळ्यात गेला, की प्रशासनाची जबाबदारी आपोआप निसर्गावर ढकलली जाते. कशाच्या तुलनेत अभूतपूर्व, किती तासांत, कोणत्या नोंदवहीनुसार, असे कोणी विचारत नाही. ती गर्दी मुळात जमली कशामुळे, याचाही विचार व्हायला हवा. त्या आठवड्यात पडद्यावर आणि भ्रमणध्वनीवर बर्फाची जी दृश्ये फिरत होती ती पर्यटनाचे आमंत्रण देणारी होती. इशारा त्यांच्या तळाशी होता.

दुसरी घटना आपल्याकडची. उत्तराखंडात बद्रीनाथजवळच्या माणा येथे २८ फेब्रुवारी २०२५ रोजी सीमा सडक संघटनेच्या कामगारांच्या तळावर हिमलोट कोसळला. ५४ कामगार त्यात सापडले; ४६ जणांना वाचवता आले, आठ जण दगावले. संरक्षण संशोधन संस्थेच्या चंदीगड येथील विभागाने आदल्या संध्याकाळीच चमोलीसह उंचावरील भागांसाठी हिमस्खलनाचा इशारा दिला होता. येथे ध्यानात घ्यायची गोष्ट ही, की हिमस्खलनाचा धोका एकूण थराच्या जाडीवरून ठरत नाही. कमी वेळात पडलेला नवा बर्फ, त्याखालील जुन्या थराचा कमकुवतपणा, वारा आणि उताराचा कोन यांवर तो अवलंबून असतो. चोवीस तासांत तीसेक सेंटीमीटर नवा बर्फ पडला, तरी तीव्र उतारावर धोका झपाट्याने वाढू शकतो. म्हणजे ‘सहा फूट बर्फ’ या मथळ्यापेक्षा ‘काल रात्रीपासून एक फूट’ ही आतल्या पानावरची ओळ अधिक भयसूचक असू शकते. फुटांच्या मोहात पडलेल्या बातमीत तीच ओळ गळते.

अतिशयोक्ती नेहमी वाढवण्याच्याच दिशेने होते असेही नाही. एप्रिल २०२५ मध्ये काठमांडूच्या ‘इसिमोड’ या संस्थेचा अहवाल आला आणि ‘हिमालयातील बर्फ २३ वर्षांच्या नीचांकावर, दोन अब्ज लोकांच्या पाण्यावर सावट’ अशा अर्थाच्या बातम्या प्रसिद्ध झाल्या. अहवालातील आकडा होता सरासरीपेक्षा २३.६ टक्के कमी. पण काय कमी? बर्फवृष्टी नव्हे आणि थराची जाडीही नव्हे. संस्थेने मोजला होता तो बर्फाचा टिकाव, म्हणजे नोव्हेंबर ते मार्च या काळात जमीन किती वेळ बर्फाने आच्छादलेली राहिली, हे. उपग्रहाला वरून पांढरी जमीन दिसते. तो थर वीतभर आहे की पुरुषभर, ते या पद्धतीत दिसत नाही. म्हणून अहवाल बिनमहत्त्वाचा ठरतो असे मुळीच नाही. लागोपाठ तिसऱ्या हिवाळ्यात हा टिकाव सरासरीखाली गेला, ही चिंतेचीच बाब आहे. या पर्वतरांगांतून निघणाऱ्या प्रमुख नद्यांच्या वार्षिक प्रवाहात बर्फ वितळून येणाऱ्या पाण्याचा वाटा सरासरीने पावभागाच्या आसपास धरला जातो. सिंधूच्या खोऱ्यात तो बराच मोठा, तर मोसमी पावसावर चालणाऱ्या गंगेत लहान. तेव्हा ‘बर्फवृष्टी २३ टक्क्यांनी घटली, नद्या तेवढ्याच आटणार’ असा सरळ हिशेब मांडणारा मजकूर मूळ अहवालावरही अन्याय करतो. पुढच्या वर्षी मार्चमध्ये दोन मोठे हिमवर्षाव झाले, की हाच वाचक म्हणणार, ‘बघा, हे शास्त्रज्ञ काहीही सांगतात.’

तसे म्हणणारे केवळ सामान्य वाचकच नसतात. २६ फेब्रुवारी २०१५ रोजी अमेरिकेच्या सिनेटमध्ये जेम्स इनहॉफ या सदस्याने बर्फाचा गोळा आणून दाखवला होता; बाहेर एवढी थंडी असताना कसली तापमानवाढ, असा त्यांचा सवाल. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते, आणि तापमान शून्याखाली असेल तर ते बाष्प बर्फ होऊनच पडते. मोठे हिमवर्षाव आणि आक्रसणारा हिवाळा ही दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात, हे मथळ्याच्या सात-आठ शब्दांत मावत नाही, हे मान्य. पण मग मथळ्यात निष्कर्ष तरी कशाला मावावा?

वृत्तपत्रांच्या भाषांतर-टेबलावर एक छोटा शब्द सर्वाधिक बळी जातो: ‘पर्यंत’. जानेवारी २०१५ च्या अखेरीस न्यूयॉर्क शहरासाठी २० ते ३० इंच बर्फाचा अंदाज होता. मथळ्यांत ‘तीन फुटांपर्यंत’ आले, तेही लवकरच नुसते ‘तीन फूट’ झाले. भुयारी रेल्वे बर्फासाठी प्रथमच बंद ठेवण्यात आली. सेंट्रल पार्कमध्ये पडला ९.८ इंच. वादळ थोडेसे पूर्वेला सरकले होते आणि लाँग आयलंडच्या पूर्वेकडील भागाला दोन फुटांचा तडाखा बसलाच. टीका मात्र हवामान सेवेवर झाली आणि न्यू जर्सीकडील तिच्या एका अधिकाऱ्याने जाहीर माफीही मागितली. अंदाजातील वरचे टोक उचलून त्याचा मथळा करणाऱ्यांनी माफी मागितल्याचे ऐकिवात नाही.

आपल्या महाराष्ट्रात हिमवृष्टी होत नाही. तरीही या रोगाची एक देशी आवृत्ती आहे. जवळजवळ दर हिवाळ्यात वेण्णा तलावाच्या काठावर आणि लिंगमळा परिसरात पहाटे दवबिंदू गोठतात. मोटारींच्या टपांवर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरी साय धरते. लगेच ‘महाबळेश्वरात पारा शून्यावर’, ‘मिनी काश्मीर’ वगैरे मथळे सजतात. वेधशाळेच्या नोंदीत त्याच पहाटेचे किमान तापमान कित्येक अंशांनी जास्त असते. दोघेही खरे बोलत असतात. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास, सावलीच्या पेटीत असतो. निरभ्र, निवांत रात्री पानाचा आणि टपाचा पृष्ठभाग हवेपेक्षा कितीतरी अधिक गार होतो. गारपिटीचेही तेच. मार्च २०१४ मध्ये मराठवाड्यात आणि अन्यत्र शेतांवर गारांचे थर साचले तेव्हा त्या पांढऱ्या शिवाराची छायाचित्रे ‘काश्मीर अवतरले’ म्हणून फिरली. त्या थराखाली गहू, हरभरा, द्राक्षे होती.

भारतीय हवामान खाते आपल्या परीने नेमकी माहिती देते. हिमाचलात बर्फ पडला, की कोठी, गोंडला, केलांग, कुकुमसेरी अशा ठाण्यांवर गेल्या चोवीस तासांत किती सेंटीमीटर नवा बर्फ पडला याची यादी सिमल्याच्या कार्यालयातून निघते. वृत्तसंस्थेच्या मजकुरातही ती असते. फक्त असते ती शेवटच्या परिच्छेदात, आणि पानावर जागा कमी पडली की कात्री नेहमी तेथूनच चालते.